पाचशे अर्हत : राजगृहापासून टोकिओपर्यंत

बौद्ध कलेचा इतिहास लिहिताना सांची, अमरावती, मथुरा, गांधार आणि अजिंठा या क्रमाने पुढे जावयाचे आणि नालंदेच्या विध्वंसापाशी थांबावयाचे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. त्यामुळे बौद्ध कला म्हणजे उत्खननातून निघालेली व संग्रहालयात ठेवलेली वस्तू, असा समज नकळत रुजतो. वस्तुतः धम्म ज्या देशांत गेला तेथे त्याची चित्रे व मूर्ती आजही घडत आहेत. त्यांविषयी वाद होत आहेत आणि त्यांचा बाजारही भरत आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका हयात जपानी चित्रकाराच्या एका चित्राचा विचार करणार आहोत. तो करताना त्या चित्रामागील सुमारे आठशे वर्षांची परंपरा वाचकांसमोर ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

या चित्रकाराचे नाव ताकाशी मुराकामी. त्यांचा जन्म १९६२ साली टोकिओ येथे झाला. हसऱ्या चेहऱ्याची रंगीबेरंगी फुले आणि 'मिस्टर डॉब' नावाचे, मोठ्या कानांचे, व्यंगचित्रातून उतरल्यासारखे पात्र यांमुळे ते जगभर ओळखले जातात. २००३ साली लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीच्या पर्सवर त्यांची चिन्हे छापली गेली. २००७ साली अमेरिकन गायक कान्ये वेस्ट यांच्या 'ग्रॅज्युएशन' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन त्यांनी केले. २००८ साली त्यांचे एक शिल्प न्यूयॉर्कच्या लिलावात दीड कोटी डॉलरहून अधिक किमतीस विकले गेले. अशा चित्रकाराने २०१२ साली पाचशे अर्हतांचे चित्र पूर्ण केले. त्याची उंची सुमारे तीन मीटर आणि लांबी शंभर मीटर आहे. हे चित्र धम्माचे की बाजाराचे, असा प्रश्न कोणाही बौद्ध वाचकाच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर घाईने देण्यापूर्वी, अर्हतांच्या या समूहाचा प्रवास कोठून सुरू झाला ते पाहणे आवश्यक आहे.

पाचशे अर्हत कोण?

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे सप्तपर्णी गुहेत पहिली संगीती भरली, असे परंपरा सांगते. महाकाश्यप स्थविर तिचे अध्यक्ष होते व पाचशे अर्हत भिक्खू तीस उपस्थित होते. आनंदाने धम्म सांगितला आणि उपालीने विनय सांगितला. हा उपाली कपिलवस्तूच्या शाक्यांचा न्हावी होता. ज्या समाजव्यवस्थेत न्हाव्याच्या मुखातून नियम ऐकणे कोणा उच्चकुलीनास मानवले नसते, त्याच काळात पाचशे विद्वान भिक्खूंनी संघाचे सारे नियम त्याच्याकडून ऐकून घेतले व ते प्रमाण मानले. पाचशे अर्हतांची कल्पना बौद्ध स्मृतीत शिरली ती अशा एका सभेच्या रूपाने. देवांच्या दरबाराशी तिचा काही संबंध नव्हता. माणसांनी एकत्र बसून आठवण्याची व एकमेकांचे तपासून घेण्याची ती सभा होती.

पुढे या समूहाभोवती दंतकथांचे वलय जमा झाले. ह्युएन त्संग यांनी इ.स. ६५४ मध्ये नंदिमित्राच्या नावे असलेल्या एका ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. तथागतांनी सोळा अर्हतांस धम्माच्या रक्षणासाठी या जगातच राहण्यास सांगितले, असे त्यात म्हटले आहे. या सोळांत पहिले नाव पिंडोल भारद्वाजाचे आहे. पालि विनयात याच पिंडोलाची एक कथा येते. राजगृहातील एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि जो कोणी ऋद्धीच्या बळाने ते खाली आणील त्याने ते घ्यावे, असे जाहीर केले. पिंडोलाने हवेत उडून ते पात्र आणले. लोकांनी जयजयकार केला. तथागतांनी मात्र त्याची कठोर शब्दांत कानउघाडणी केली, ते पात्र फोडून टाकावयास लावले आणि गृहस्थांसमोर चमत्कार दाखविण्यास भिक्खूंना मनाई केली. ही कथा वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे आपल्याला काम पडणार आहे.

चीनमध्ये अर्हतांस 'लुओहान' व जपानमध्ये 'राकान' म्हणतात. भिक्खू ग्वानश्यू (इ.स. ८३२–९१२) यांनी काढलेले अर्हत प्रसिद्ध आहेत. सुरकुतलेले कपाळ, लांब भुवया, पुढे आलेले दात, परदेशी चेहरा असे ते विलक्षण दिसतात. भारतातून आलेले वृद्ध, डोंगरात राहणारे, राजसभेला न जुमानणारे पुरुष अशी त्यांची प्रतिमा चिनी मनात स्थिर झाली.

पाचशे अर्हतांची सर्वांत महत्त्वाची जुनी चित्रमाला चीनमधील निंगबो परिसरातील एका विहारासाठी इ.स. ११७८ पासून सुमारे दहा वर्षांत तयार झाली. लिन तिंग्वी व झोउ जीचांग हे तिचे चित्रकार. प्रत्येक पटावर पाच अर्हत, असे एकूण शंभर पट होते. अनेक पटांवर सोनेरी अक्षरांत दात्यांची नावे आहेत. हे दाते बहुतांशी त्या परिसरातील सामान्य गृहस्थ होते. कार्ले येथील चैत्यगृहाचे शिलालेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही गोष्ट परिचयाची वाटेल. तेथे धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचे दान आहे आणि सामी नावाच्या सुताराने केलेल्या कामाची नोंद आहे. सह्याद्रीत काय आणि पूर्व चीनच्या किनाऱ्यावर काय, बौद्ध कला उभी राहिली ती राजाच्या कृपेइतकीच कारागिराच्या व व्यापाऱ्याच्या लहान लहान दानांवर.

जपानमधील राकान

निंगबोचे हे पट पुढे जपानमध्ये आले आणि क्योतोच्या दाइतोकुजी या झेन विहाराच्या मालकीचे झाले. चौदाव्या शतकात चित्रकार भिक्खू मिंचो यांनी क्योतोच्या तोफुकुजी विहारासाठी पन्नास पटांवर पाचशे अर्हत रंगविले. ते काम १३८६ साली पूर्ण झाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस शोउन गेनकेइ या मूर्तिकार भिक्खूने एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकिओत, लोकांकडून दान गोळा करून पाचशे अर्हतांच्या लाकडी मूर्ती घडविल्या. त्यांपैकी तीनशेहून अधिक मूर्ती टोकिओच्या मेगुरो भागातील राकानजी विहारात आजही आहेत.

या मूर्तींविषयी जपानी लोकांत एक समजूत आहे. पाचशे अर्हतांचे चेहरे एकमेकांसारखे नसतात. म्हणून त्यांत शोधले असता आपल्या मृत आप्ताचा चेहरा हमखास सापडतो. आई गेलेली मुलगी, मूल गेलेला बाप या रांगांतून फिरतो आणि ओळखीच्या नाकाडोळ्यांपाशी थांबतो. या समजुतीत आत्म्याच्या पुनरागमनाचा दावा नाही. अर्हत हा माणूसच होता, त्यालाही माणसाचाच चेहरा होता, आणि म्हणून तो माझ्या माणसासारखा दिसू शकतो, एवढीच जाणीव तिच्या मुळाशी आहे. पाचशे अर्हतांची प्रतिमा जपानी समाजात इतकी खोल का रुजली याचे उत्तर आम्हांस या एका गोष्टीत दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कानो काझुनोबू (१८१६–१८६३) या चित्रकाराने टोकिओच्या झोजोजी विहारासाठी शंभर पटांची पाचशे अर्हतांची माला हाती घेतली. काम नुकतेच सुरू झाले होते, तोच ११ नोव्हेंबर १८५५ रोजी एदो नगराला भूकंपाचा भीषण धक्का बसला. घरे कोसळली, आगी लागल्या, हजारो माणसे मेली. काझुनोबूच्या पटांत नरकातील यातना आहेत. भूकंप, पूर, आग, दरोडेखोर अशी संकटेही आहेत आणि त्यांत सापडलेल्या माणसांना हात देणारे अर्हत आहेत. युरोपीय पद्धतीच्या छायाप्रकाशाचाही त्याने काही पटांत उपयोग केला. शहाण्णव पट पुरे करून तो मरण पावला. उरलेले काम त्याची पत्नी म्योआन आणि त्याचा शिष्य यांनी पूर्ण केले आणि १८६३ साली संपूर्ण माला विहारास अर्पण करण्यात आली. चित्राखाली नाव एका पुरुषाचे असले तरी ते पूर्णत्वास नेणारा हात एका स्त्रीचा होता, ही गोष्ट इतिहासाने विसरता कामा नये.

'कला' हा शब्द कोठून आला?

यानंतर पाचच वर्षांनी जपानमध्ये राज्यक्रांती झाली. १८६८ साली नव्या मेइजी सरकारने शिंतो व बौद्ध उपासना एकमेकींपासून वेगळ्या करण्याचा आदेश काढला. त्याचे निमित्त करून अनेक ठिकाणी विहार पाडले गेले, मूर्ती जाळल्या गेल्या, भिक्खूंना चीवर सोडावे लागले. विहारांचे उत्पन्न आटले. दाइतोकुजीसारख्या थोर विहारालाही निंगबोच्या शंभर पटांपैकी दहा पट विकावे लागले. १८९४ साली त्यांतील काही पट अमेरिकेत बोस्टन येथे प्रदर्शित झाले आणि त्यानंतर दहा पट तेथील संग्रहालयातच राहिले. उपासनेची वस्तू संग्रहालयाची वस्तू कशी होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच काळात जपानी भाषेत 'बिजुत्सु', म्हणजे ललितकला, हा शब्द घडविला गेला. १८७३ साली व्हिएन्ना येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात भाग घेण्यासाठी युरोपीय वर्गवारीचे भाषांतर करावे लागले. त्यातून हा शब्द जन्मला. त्यापूर्वी पडद्यावरचे चित्र, किमोनोवरची नक्षी, स्वस्तात विकली जाणारी लाकडी ठशाची चित्रे आणि विहारातील पट यांमध्ये आज आपण मानतो तशी उच्चनीचतेची भिंत नव्हती. श्रेष्ठ कला व हलकी कला हा भेद जपानमध्ये बाहेरून आला, आणि तोही सरकारी शिक्क्यानिशी आला.

या परिस्थितीत ओकाकुरा काकुझो यांनी जुन्या चित्रपरंपरेच्या रक्षणाचे कार्य केले. १८८७ साली स्थापन झालेल्या टोकिओच्या ललितकला विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. जुने खनिज रंग, रेशीम, कागद व पारंपरिक रेषा वापरून काढलेल्या चित्रांस 'निहोंगा', म्हणजे जपानी चित्र, असे नाव मिळाले. ओकाकुरा १९०२ साली भारतात होते. त्यांनी बुद्धगयेस भेट दिली, अजिंठ्याची लेणी पाहिली. पुढे निहोंगा चित्रकार आराइ काम्पो भारतात आले आणि १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या प्रतिकृती १९२३ च्या टोकिओतील महाभूकंपात नष्ट झाल्या. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील तथागतांच्या जीवनावरील भित्तिचित्रेही कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराने १९३२ ते १९३६ या काळात काढली आहेत. सारनाथला जाणाऱ्या आपल्या उपासकांनी ती पाहिलेली असतील. वाघूर नदीच्या काठावरील आपल्या लेण्यांचा आणि आधुनिक जपानी चित्रकलेचा असा प्रत्यक्ष संबंध आहे.

ताकाशी मुराकामी हे ओकाकुरांच्या याच शिक्षणपरंपरेतून आले. त्या विद्यालयाचे पुढे टोकिओ कला विद्यापीठात रूपांतर झाले. तेथे त्यांनी निहोंगाचे शिक्षण घेतले आणि १९९३ साली डॉक्टरेट मिळविली. मांगा नावाच्या चित्रकथा आणि अॅनिमे नावाचे चलच्चित्रपट यांवर वाढलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी आहेत. ओसामु तेझुका यांनी तथागतांच्या जीवनावर 'बुद्ध' ही प्रदीर्घ चित्रकथा १९७२ ते १९८३ या काळात लिहिली, हे येथे नमूद केले पाहिजे; म्हणजे चित्रकथेतून धम्माचा विषय हाताळणे जपानला नवे नव्हते.

२००० साली मुराकामींनी 'सुपरफ्लॅट' हा विचार मांडला. जपानी चित्रात खोलीचा आभास नसतो. सर्व वस्तू एकाच सपाट पृष्ठावर नांदतात. त्याचप्रमाणे उच्च कला आणि बाजारू कला यांनाही एकाच पातळीवर पाहावे, असे त्यांचे म्हणणे. कलेतिहासकार नोबुओ त्सुजी यांनी १९७० साली एका ग्रंथात सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील, प्रस्थापित परंपरेने विक्षिप्त ठरविलेल्या सहा चित्रकारांचा वंश शोधून काढला होता. मुराकामींच्या विचाराचा एक मोठा आधार हा ग्रंथ होय. २००९ पासून एका कलाविषयक मासिकात त्सुजी विषय देत आणि मुराकामी चित्राने उत्तर देत, अशी लेखमाला चालली. पाचशे अर्हतांकडे ते वळले ते या संवादाच्या काळात.

त्यांच्या विचाराला आणखी एक बाजू आहे. २००५ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी 'लिटल बॉय' या नावाचे प्रदर्शन रचले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बचे हे नाव. युद्धोत्तर जपानची गोंडस बाहुल्यांची, राक्षसांची, स्फोटांची लोकसंस्कृती ही त्या जखमेचीच खूण आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांची आई कोकुरा नगरची. दुसरा बॉम्ब प्रथम कोकुरावर टाकावयाचा होता. ९ ऑगस्ट रोजी तेथे दृश्यमानता नसल्यामुळे विमान नागासाकीकडे वळले. एका नगराचे आकाश झाकले गेले म्हणून दुसऱ्या नगराचा नाश झाला, हे सत्य ज्याच्या घरात सांगितले जात असे, त्याची हसरी फुले निव्वळ हसरी मानता येत नाहीत.

मार्च २०११

११ मार्च २०११ रोजी दुपारी ईशान्य जपानच्या किनाऱ्यास भूकंप झाला. त्यापाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या आणि फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. सुमारे पंधरा हजार नऊशे माणसे मृत्यू पावली; अडीच हजारांच्या आसपास माणसे सापडलीच नाहीत. टोकिओच्या एदो-टोकिओ संग्रहालयात काझुनोबूचे शंभरही पट एकत्र दाखविणारे प्रदर्शन त्याच आठवड्यात, १५ मार्च रोजी उघडावयाचे होते. ते पुढे ढकलावे लागले व २९ एप्रिल रोजी उघडले. एका भूकंपाच्या छायेत रंगविलेले अर्हत दीडशे वर्षांनी दुसऱ्या भूकंपाच्या छायेत लोकांसमोर आले.

मुराकामींच्या चित्राची प्रेरणा या आपत्तीत आहे. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना जगण्यासाठी कथेची आणि धर्माची गरज का भासते, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहिला, असे त्यांनी सांगितले आहे. जपानच्या कलाविद्यालयांतून दोनशेहून अधिक विद्यार्थी गोळा करून, पाळ्या लावून, अहोरात्र हे काम करण्यात आले. चित्राचे चार भाग आहेत आणि त्यांना चार दिशांचे रक्षक मानलेल्या प्राण्यांची नावे आहेत : निळा नाग, पांढरा वाघ, शेंदरी पक्षी आणि काळे कासव. विक्राळ, विनोदी, थकलेले, जटिल नक्षीची वस्त्रे ल्यालेले अर्हत त्यांत दाटीने उभे आहेत. भूकंपानंतर कतार देशाने जपानला तत्परतेने साहाय्य केले होते. त्याच्या कृतज्ञतेपोटी हे चित्र २०१२ साली प्रथम कतारची राजधानी दोहा येथे दाखविण्यात आले. जपानी जनतेला ते टोकिओच्या मोरी संग्रहालयात ऑक्टोबर २०१५ ते मार्च २०१६ या काळात पाहावयास मिळाले.

मूल्यमापन

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते या चित्राचे मूल्यमापन तीन कसोट्यांवर करावयास हवे.

पहिली कसोटी चमत्काराची. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जे बुद्धीला पटत नाही ते बुद्धवचन मानण्यास नकार दिला. या दृष्टीने पाहिले तर अर्हतांच्या पूर्व आशियाई चित्रांत अद्भुताचा भरणा फार आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या पिंडोलाला चमत्कारासाठी तथागतांनी फटकारले, त्याचीच मूर्ती जपानी लोक रोग बरा व्हावा म्हणून हाताने चोळतात. मुराकामींनी ही अद्भुताची भाषा जशीच्या तशी उचलली आहे. तथापि, त्या चित्रातील अर्हत राक्षसांसारखे दिसत असले तरी त्यांच्या कपाळावरील सुरकुत्या व वृद्धत्वाच्या खुणा कोठेही लपविलेल्या नाहीत. देव म्हातारा होत नाही, अर्हत होतो. जरा, व्याधी आणि मरण यांनी खुणावलेला देह चित्रकाराने डोळ्यांसमोर ठेवला आहे, आणि तेवढ्यापुरता तो परंपरेच्या मुळाशी प्रामाणिक आहे.

दुसरी कसोटी बाजाराची. पर्सवर चिन्ह छापणाऱ्या हाताने अर्हत रंगवावेत काय? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो जरा सांभाळून घ्यावयास हवा. बौद्ध कला दानावर वाढली आणि दान हे व्यापाऱ्याच्या गल्ल्यातूनच आले. स्वस्त छापील चित्र हलके आणि संग्रहालयातील चित्र श्रेष्ठ, हा भेद आम्हांस मान्य नाही. आपल्या वस्तीतील घराघरांत तथागतांची आणि बाबासाहेबांची जी दिनदर्शिकेवरील चित्रे लागली, त्यांनी जे काम केले ते कोणत्याही कलादालनाने केले नाही. खरा प्रश्न निराळा आहे. चंदनाचे पात्र ज्या श्रेष्ठीने उंच टांगले तो आजही आहे. त्याचे नाव लिलावगृह असे आहे. प्रतिमेची किंमत वाढली की तिच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष अर्हताकडून आकड्याकडे जाते. शिवाय दोनशे विद्यार्थ्यांच्या हातांनी झालेल्या चित्राची ओळख जगात एकाच नावाने होते. कार्ल्याचा सुतार आपले नाव दगडात ठेवून गेला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तिसरी कसोटी समतेची. कलेतील उच्चनीच भेद सपाट करण्याचा विचार आम्हांस आकर्षक वाटतो. परंतु चित्र सपाट झाल्याने समाज सपाट होत नाही. जपानमध्ये बुराकू नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अस्पृश्यासारखे जिणे वाट्यास आलेल्या लोकांना १८७१ साली कायद्याने मुक्त केले गेले. पण भेदभाव गेला नाही. मृत्यूनंतर विहारातून दिल्या जाणाऱ्या नावांतही त्यांची हीनता सुचविणारी अक्षरे घालण्यात आली आणि ती थडग्यांच्या दगडांवर कोरली गेली. धम्माच्या नावाने चालणाऱ्या विहारांकडून हे घडावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय. १९२२ साली क्योतो येथे या लोकांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. तिच्या नावातच पाण्याच्या सपाटीची, समपातळीची कल्पना आहे. तिचे एक संस्थापक साइको मानकिची हे विहाराच्या घराण्यातील होते, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, आणि काट्यांच्या मुकुटाचे चिन्ह असलेला संघटनेचा ध्वज त्यांनीच रेखाटला. जपानी कलेतील समपातळीची खरी परंपरा शोधावयाची तर या ध्वजाचा उल्लेख टाळून चालणार नाही.

याच कसोटीचा दुसरा भाग स्त्रियांविषयी आहे. पाचशे अर्हतांची परंपरा आरंभापासून पुरुषांची आहे. खेमा, उप्पलवण्णा, किसा गोतमी यांनी अर्हत पद प्राप्त केल्याचे पालि वाङ्मय सांगते. पण चीन व जपानमधील या चित्रमालांनी त्यांना आपल्या रांगांत जागा दिली नाही. काझुनोबूची माला जिने पूर्ण केली त्या म्योआनलाही आपल्यासारखा चेहरा त्या पाचशेंत सापडला नसता.

आणि येथेच आम्हांस सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. ज्या प्रकारचे दुःख २०११ साली जपानच्या किनाऱ्यावर कोसळले, त्या दुःखातून उभी राहिलेली अर्हत बौद्ध वाङ्मयात आहे. तिचे नाव पटाचारा. अट्ठकथेनुसार, एका वादळी रात्री तिचा पती सर्पदंशाने मरण पावला. पूर आलेली नदी ओलांडताना तिची दोन्ही मुले गेली. माहेरच्या आशेने ती श्रावस्तीकडे निघाली, तर त्याच वादळात घर कोसळून आईवडील व भाऊ मेल्याचे तिला कळले. भान हरपून ती भटकू लागली. लोक तिला हाकलू लागले. तथागतांनी तिला हाकलू दिले नाही. भानावर ये, एवढेच ते प्रथम म्हणाले. कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. मृत मुले परत आणण्याचा चमत्कार त्यांनी केला नाही. त्यांनी तिला धम्म सांगितला. पुढे ती संघात विनयाची श्रेष्ठ जाणकार म्हणून मान्यता पावली.

थेरीगाथेत पटाचारेच्या पाचशे शिष्यांच्या गाथा आहेत. परंपरा सांगते की या पाचशे स्त्रिया म्हणजे मुले गमावलेल्या माता होत्या. त्या पटाचारेकडे आल्या, तिने त्यांचे सांत्वन केले आणि त्यांनीही अर्हत पद गाठले. म्हणजे बौद्ध वाङ्मयात पाचशे अर्हतांची दुसरीही एक सभा आहे. राजगृहाच्या सभेत धम्म आठवला गेला. या सभेत शोकाने मोडलेल्या माणसांनी तो एकमेकींना दिला. पहिल्या सभेची चित्रे आठशे वर्षे निघत आहेत. दुसरीच्या वाट्याला तशी शंभर पटांची माला आलेली नाही.

मुराकामींचे चित्र थोर आहे काय, याचा निर्णय कलेचे जाणकार करतील. बौद्ध म्हणून आम्ही एवढेच म्हणू की, आपत्तीच्या वेळी चित्रकाराने राजा, सैनिक वा राष्ट्रध्वज यांकडे न वळता अर्हतांकडे वळावे, ही घटना धम्माच्या चैतन्याची साक्ष देते. बाजाराने त्याला वेढले असले तरी ते वळणे खोटे ठरत नाही. आणि जे त्याने केले नाही ते करण्यास आपल्या चित्रकारांना कोणी अडविलेले नाही. आपल्या विहारांच्या भिंती अजून बऱ्याचशा कोऱ्या आहेत. भूकंप, पूर, दंगल आणि दुष्काळ यांत आप्त गमावलेल्या माता आपल्याही वस्त्यांत आहेत. त्या विहारात येतील तेव्हा भिंतीवरील पाचशे स्त्रियांच्या चेहऱ्यांत त्यांना आपल्या आईचा, आपल्या लेकीचा, कदाचित स्वतःचाही चेहरा दिसावा, अशी माला आपल्या कलावंतांनी हाती घ्यावी, अशी आमची त्यांना कळकळीची विनंती आहे.